एकोणतीसचा पाढा

९ मार्च २०२५
पुणे विमानतळ

दादा, जय भीम.

तू माझा नंबर बंद केलास हे मला मंगळवारी कळलं. आधी वाटलं, रेल्वेच्या लाइनीवर असशील, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात झेंड्या, फोन कसा उचलणार. मग नंदावहिनींना लावला. त्या म्हणाल्या, "वन्सं, ह्यांनी तुमचा नंबर बंद करून टाकलाय. मला तसलं काय करता येत न्हाई, म्हून माजा चालू हाय." म्हणून हे पत्र. पोस्टमनला बंद करायचं बटण अजून निघालेलं नाही.

माझी बाजू मांडते. बाजू मांडणं हाच माझा धंदा आहे, गेली सोळा वर्षं नोकरी सोडून तोच करते आहे, आणि तो मला चांगला जमतो हे तूही नाकारणार नाहीस.

आई जाऊन चार दिवस होताहेत तोच मी घरातून निघाले, हा पहिला आरोप. मान्य. पण चेन्नई, हैदराबाद, दिल्ली, गुवाहाटी हे सगळे कार्यक्रम सहा महिने आधी ठरलेले होते. पत्रिका छापल्या होत्या. कुठे कामगार बायका रजा टाकून येणार होत्या, कुठे विद्यार्थी रात्रभर प्रवास करून. त्यांना मी काय कळवू, की माझी आई गेली म्हणून तुमची सभा रद्द?

दुसरा आरोप, आईच्या पुण्यानुमोदनाला दीड तास उशिरा आले. तेही मान्य. हौशीराम आबांनी वंदना माझ्यासाठी थांबवून ठेवली, माणसं उन्हात ताटकळली, भात निवला. पण मी कुठून आले ते बघ. पहाटे साडेतीनला गुवाहाटीचं हॉटेल सोडलं, दिल्लीत विमान बदललं, दोन्ही वेळा मधली सीट. सहा दिवसांतलं ते सहावं विमान होतं. कान गच्च, घसा कोरडा ठाक, पाय सुजून चपलेत मावेनात. बॅगेच्या मुठीला विमानाची पट्टी तशीच लोंबत होती. ती आईच्या जोडीच्या भामाबाईंनी भर मंडपात ओढून काढली आणि म्हणाल्या, "ही काय गं, दुकानातनं आणल्यावानी लेबलासकट आलीस?"

आता तिसरा आरोप. तुझ्या मनात खरा हाच आहे. मी आईबद्दल बावीस मिनिटं बोलले. सांगितलं की मी सतरा वर्षांची असताना मला बघायला पाहुणे आले, तेव्हा माझी आई बयाबाई विळा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, माझी पोरगी कॉलेजात जाईल, तुमच्या मांडवात येणार नाही. आणि पुढच्याच रांगेतून भामाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "सारे, कुणाच्या आईचं सांगतीयास गं?"

बायका हसल्या. मी थांबले नाही. तू उठलास, आचाऱ्याकडे गेलास, आणि जेवणावळ उठेपर्यंत मंडपात परत आला नाहीस. त्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोललेला नाहीस.

दादा, तो थकवा होता. मी या विषयावर तीन पुस्तकं वाचली आहेत. वीस-बावीस तास जागं असलेल्या माणसाचा मेंदू दारू प्यायलेल्या माणसाच्या मेंदूसारखा चालतो. त्यात आकाशातली ती कोरडी, पातळ हवा. मी मंडपात उभी होते, पण बोलत होतं ते नुसतं तोंड. तोंडाला एक भाषण पाठ होतं, ते त्यानं केलं. रागवायचं तर माझ्या वेळापत्रकावर रागव.

रांग लागली. मला रायपूरला जायचं आहे. उत्तर पाठव.

सारिका


२७ एप्रिल २०२५
नागपूर

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, पण वहिनींचा फोन आला. माझं पत्र तू घोरावाडी स्टेशनच्या बाकावर बसून वाचलंस म्हणे. घडी घालून त्यांच्या हातात दिलंस आणि म्हणालास, "थकल्यावर माणूस नवं खोटं रचत न्हाई. जुनंच त्वांडात येतं."

मी हे वाक्य घेऊन गेले पाच आठवडे फिरते आहे. जयंतीचा महिना, तुला ठाऊक आहे. चौदा तारखेला सुरू होतो आणि मे संपेपर्यंत संपत नाही. या पाच आठवड्यांत एकवीस गावं झाली, त्यातली बारा विमानानं. मी नीट आहे. विमानप्रवास ही लढाई आहे आणि मी ती शिस्तीनं लढते. सीट कडेचीच घेते, म्हणजे उठून चालता येतं. घट्ट पायमोजे घालते. कोमट पाण्याची बाटली जवळ ठेवते, विमानातला चहा घेत नाही, विमान खाली उतरायला लागलं की कान बसू नयेत म्हणून लवंग चघळते. हॉटेलात जाग आल्यावर आपण कोणत्या गावात आहोत ते आठवत नाही, म्हणून निजताना तळहातावर गावाचं नाव लिहून ठेवते. परवा बिलासपूरच्या व्यासपीठावर भाषणाला उभी राहिले, तळहात पाहिला आणि मगच "बिलासपूरच्या बंधू-भगिनींनो" म्हटलं. कुणाला कळलं नाही. विमान उडताना मी खुर्चीचा हात जरा घट्ट धरते, एवढंच. सगळेच धरतात.

तर तुझं वाक्य. खोटं जुनं आहे, बरोबर. बारा वर्षांचं आहे. ते कसं जन्मलं ते तुला सांगायला हवं, कारण मी ते फसवायला रचलं नव्हतं.

कोल्हापूरची महिला परिषद होती. तिथे मी खरी गोष्ट सांगितली होती. आईनं पवनानगरच्या घराला शब्द दिला होता, सुपारी फोडायची तारीख ठरली होती, माझ्यासाठी मोरपंखी साडीसुद्धा आली होती. तू एकवीस वर्षांचा. सायकल काढलीस, पवनानगर गाठलंस आणि त्या घरच्या ओट्यावर उभा राहून सांगितलंस, "आमच्या पोरीला शिकायचं हाय." महिन्याभरात आयटीआय सोडलंस आणि रेल्वेच्या गँगमध्ये रुजू झालास, कारण मला शिकवायचं तर घरात पगार हवा होता. हे मी सांगितलं आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पण टाळ्या कुणाच्या होत्या? पुरुषांच्या. एकजण तर भाषण संपताच व्यासपीठावर चढला, डोळे पुसत म्हणाला, "ताई, आम्हीपण असेच भाऊ आहोत." मी विचारलं, तुमची बहीण कुठे आहे? तर घरी पाहुण्यांसाठी पोळ्या लाटत होती.

त्या संध्याकाळी मी तुला गोष्टीतून काढलं. तू वाईट होतास म्हणून नाही. तू इतका चांगला होतास की प्रत्येक पुरुष तुझ्यात बसून घ्यायचा आणि सैलावायचा. आणि तू गेल्यावर त्या ओट्यावर कुणीतरी उभं राहायला हवं होतं, म्हणून मी आईला उभं केलं. विळा सांगलीत आला. दारात उभी राहणं जळगावात. दर सभेला आई एक बोट उंच होत गेली. हजारो पोरींनी ती गोष्ट ऐकून घरी भांडणं केली, कॉलेजं गाठली. त्यांची पत्रं माझ्याकडे आहेत. त्या पत्रांपुढे मी शरमेनं मान खाली घालणार नाही.

पण तुझ्यावर अन्याय झाला. तो मी भरून काढते. चौदा मे रोजी दिल्लीत तीन हजार लोकांसमोर तुझं नाव घेऊन सांगते: संदेश, रेल्वेत चावीवाला, रोज आठ किलोमीटर रुळावरून चालत जातो, तेवढाच परत येतो, रूळ धरून ठेवणारी एकेक चावी हातोड्यानं ठोकून बघतो, आणि हाच तो माणूस ज्यानं मला शिकवलं. चित्रीकरण होईल, वहिनींच्या मोबाइलवर पाठवते.

आता तरी नंबर चालू कर.

सारिका


२५ मे २०२५
हावडा स्टेशन

दादा,

दिल्लीत मी तुझं नाव घेतलं नाही. आदल्या दिवशी वहिनींनी तुझा निरोप दिला होता, "माजं नाव कुटं घ्यातलं तर हिचा फोन पण बंद करीन म्हनावं." वहिनी पुढे म्हणाल्या, "वन्सं, माजा नगा बंद पाडू, मला माहेरी बोलाया लागतं." दोघी हसलो. पण मला उमगेना. नाव घेतलं नाही तर राग, नाव घेते म्हटलं तर जास्तच राग. तुला हवंय तरी काय?

मी विमानतळावर नाही, स्टेशनवर आहे, हे वर वाचलंच असशील. सांगते.

काल रांचीहून कोलकात्याला येत होते. इतकुसा प्रवास, विमान वर गेलं की खाली यायचं. पण कोलकात्यावर वादळ होतं आणि उतरायला परवानगी मिळेना. चाळीस मिनिटं आम्ही काळ्या ढगांत घिरट्या घालत होतो. पंखाच्या टोकाशी वीज चमकायची, आतले सगळे चेहरे पांढरे दिसायचे, आणि मग विमान खड्ड्यात पडल्यासारखं खाली जायचं.

मी तुला एप्रिलच्या पत्रात लिहिलं होतं की मी खुर्चीचा हात जरा घट्ट धरते. ते पूर्ण खरं नव्हतं. दोन वर्षं झाली, विमानात पाऊल टाकलं की माझं काळीज घशाशी येतं. दार लागतं तेव्हा वाटतं ओरडावं, उघडा म्हणावं. पुस्तक उघडते आणि एकच ओळ उतरेपर्यंत वाचते. घाम फुटतो, पदरानं टिपते. कुणी ओळखीचं भेटलं की मोठ्यानं हसते. आणि उतरल्यावर दोन तासांत व्यासपीठावर उभी राहून सांगते, भिऊ नका. मला थकवणारं हे आहे, दादा. पाय सुजणं, झोप जाणं यांना उपाय आहेत. हे लपवण्यात मी रोज संपते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विमान असतं.

तर काल, त्या चाळीस मिनिटांत, माझे ओठ आपोआप हलायला लागले. मला कळलंही नाही. शेजारी एक वयस्क गृहस्थ जपमाळ ओढत होते. ते थांबले, वाकून माझ्याकडे बघितलं आणि हिंदीत विचारलं, "बेटी, कौन सा मंत्र है?" मी भानावर आले. मी म्हणत होते, एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मी त्यांना सांगितलं, पाढा आहे. ते म्हणाले, "चलेगा," आणि पुन्हा आपल्या मण्यांकडे वळले.

हसू नकोस. तो पाढा साते दोनशे तीनपर्यंत यायचा आणि पुढे अडायचा. आठे काय, आठवेना. मी परत पहिल्यापासून सुरू करायची. विमान उतरेपर्यंत पंचवीसेक वेळा तरी म्हटला असेन. आणि प्रत्येक वेळी मोठ्यानं, अगदी मोठ्यानं म्हणावंसं वाटत होतं. मला शाळेनंतर या पाढ्याचं कधी काम पडलेलं नाही. हा कुठून आला? तुला काही आठवतं का?

उतरल्यावर जिन्यावरच खाली बसले. विमानतळावरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला, आणि विचारलं, या महिन्यातलं हे कितवं विमान? मी सांगितलं, नववं. त्या म्हणाल्या, दहा दिवस विमान बघायचंसुद्धा नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी सभा रद्द केल्या, तीन. आगगाडीनं येते आहे. दोन रात्री गाडीत. खिडकीतून रूळ दिसतील आणि त्यांच्या कडेनं चालणारी तुझ्यासारखी माणसं.

सारिका


२० जुलै २०२५
पुणे

दादा,

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं आणि पहिली ओळ वाचून दारातच उभी राहिले. तुझं कार्ड इथे उतरवून काढते. तू जसं बोलतोस तसंच लिहिलं आहेस, त्यातला एक शब्द मी बदलत नाही:

"एकोणतीस आठे दोनशे बत्तीस. नव्वे दोनशे एकसष्ट. दाहे दोनशे नव्वद. तुला सातापातुरच येतं कारन तवर गडगड थांबायची आन तू उटून पळायचीस. फुडलं मी म्हनायचो. आई विजंला भ्यायची. आभाळ वाजाया लागलं की आपल्या दोगास्नी तांदळाच्या कनगीमागं घिऊन बसायची आन म्हनायची पाडं म्हना, मोट्यानं म्हना, मला गडगड आयकू येता कामा न्हाई. मी बारका आवाज काडायचो. तू बेंबीच्या देटापासनं वरडायचीस. तुजा आवाज तितं झाला. माजं नाव घ्यातलं न्हाईस त्याचं मला काय बी न्हाई. आई वागीन न्हवती. आई भित्री व्हती. भीत भीत तिनं दोन पोरं वाडिवली. तुजं लगीन पन तिनं भ्यानंच ठरिवलंतं. मंडपात तू तिला सोडून दुसऱ्याच बाईला निरोप दिलास. संदेश."

मी वहिनींना फोन केला. विचारलं, मग इतकी वर्षं दादा गप्प का होता, विळ्याची गोष्ट तर मोबाइलवर सगळ्यांनी बघितली होती. त्या म्हणाल्या, "आत्यास्नी लय आवडायचं वो त्ये. मला म्हनायच्या, लाव गं सारीचं. विळ्याचं आलं की हसून लोळायच्या. म्हनायच्या, बग, माजी पोर मला कसली शूर करतीया. म्हून हे काय बोलायचं न्हाईत. त्या हुत्या तवर ती त्यांची गंमत हुती. त्या गेल्याव त्यांच्याच मंडपात त्यांचं खरं कुनी सांगायचं?"

दादा, मी पाच महिने समजत होते की तू स्वतःसाठी रुसला आहेस. मी तुला श्रेय देऊ करत होते, तेही दिल्लीचं. माझ्या आयुष्यात मी एवढं चुकीचं भाषण कुणापुढे केलेलं नाही.

कणगी आता मला दिसते. तिच्या शेणाच्या लिपणाचा वास येतो. आईचा हात माझ्या पाठीवर असायचा आणि तो थरथरत असायचा, हेही आठवतं. मी ते विसरले नव्हते, दादा. मी ते बाजूला ठेवलं होतं. निर्भय बायकांवर बोलणाऱ्या बाईला भित्री आई चालत नव्हती. तशीच तिला स्वतःची भीतीही चालत नव्हती. एका जागी खोटं बोललं की ते तिथेच राहत नाही, रुळासारखं पुढे पुढे जातं.

आता मी काय ठरवलं आहे ते ऐक. मला ठरवायला आवडतं.

आठवड्यात एकच विमान. सोलापूर, नांदेड, नागपूर रेल्वेनं. उतरले त्या दिवशी माइक हातात घ्यायचा नाही, मध्ये एक पूर्ण झोप हवी. आयोजक चिडले आहेत. एकजण म्हणाला, "मॅडम, सकाळी उतरा, संध्याकाळी बोला, रात्री परत. सगळे मोठे वक्ते असंच करतात." मी त्याला विचारलं, तुमच्या बसचा ड्रायव्हर असा चालवलेला चालेल का? तो म्हणाला, बसमध्ये पन्नास माणसं असतात. मी म्हटलं, माझ्या सभेत पाच हजार असतात. आठ तासांच्या कामासाठी माणसांनी रक्त सांडलं, त्याची व्याख्यानं मी देत फिरले, आणि स्वतः मात्र थकवा छातीवर पदकासारखा मिरवला. ते पदक मी काढलं. सभा निम्म्या झाल्या आहेत. आवाज परत आला आहे.

आणि भीती वाटते तेव्हा शेजाऱ्याला सांगते. सरळ सांगते, मला विमानाची भीती वाटते, मी जरा पाढे म्हणणार आहे. गेल्या आठवड्यात एका कंपनीच्या साहेबानं वही मिटली आणि माझ्याबरोबर सतराचा म्हटला. त्याचा माझ्यापेक्षा जास्त चुकत होता.

नंबर चालू कर असं म्हणत नाही. तुझी मर्जी.

सारिका


११ जानेवारी २०२६
पुणे

दादा,

आईचा पहिला स्मृतिदिन बावीस फेब्रुवारीच्या रविवारी घरी करायचा हे वहिनींनी कळवलं. त्याच आठवड्यात दिल्लीहून पत्र आलं. एकवीस तारखेला संध्याकाळी दिल्लीत राष्ट्रीय अधिवेशन आहे, दहा हजार प्रतिनिधी, आणि बीजभाषण माझं. सोळा वर्षं ज्या व्यासपीठाची वाट पाहिली ते हे. मी लगेच तिकिटं बघितली. बावीसला पहाटेचं विमान, नऊला पुणे, साडेदहाला घर. अकराचा कार्यक्रम. बसत होतं.

ते मी वहिनींना सांगितलं आणि रात्री तुझा निरोप आला. "इमानातनं उतरून सरळ मंडपात येनार आसंल तर येऊ नको म्हनावं. रूळ उन्हानं तानला की आमी चाव्या काडतो, त्येला मोकळा पडू देतो, आन मग परत ठोकतो. तानलेल्या रुळाव गाडी घालत न्हाईत. यायचं तर आदूगर ये. झोप. बोलायचं का न्हाई ते मग बगू."

मी तीन दिवस तुझ्याशी मनात भांडले. सगळे मुद्दे माझ्या बाजूचे होते. दहा हजार माणसं विरुद्ध आपल्या आळीतली दीडशे. देश विरुद्ध मंडप. आणि शिवाय तू बोलू देशील याची खात्री नाहीच. चौथ्या दिवशी लक्षात आलं की असेच मुद्दे माझ्याकडे गेल्या फेब्रुवारीतही होते आणि तेही सगळे बरोबर होते.

दिल्लीला नकार कळवला. त्यांनी सभ्यपणे आभार मानले आणि दुसऱ्या वक्त्याचं नाव जाहीर केलं. पुन्हा विचारतील असं मला वाटत नाही. वाईट वाटलं, हे लपवत नाही. आता काहीच लपवत नाही.

वीस तारखेला, शुक्रवारी, दुपारच्या लोकलनं घोरावाडीला उतरते. बोलू दे किंवा देऊ नको. खुर्च्या तरी मांडीन.

सारिका


२४ फेब्रुवारी २०२६
पुणे विमानतळ

दादा,

आता तुझा फोन लागतो, तरी हे लिहिते आहे. फोनवर तू "हं" म्हणतोस आणि मी दोघांचंही बोलते. कागदावर तुला शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

शुक्रवारी तू स्टेशनवर येशील असं मला वाटलं नव्हतं. ड्युटीच्या नारिंगी जाकिटातच उभा होतास. माझी बॅग घेतलीस, मुठीला हात लावून बघितलंस आणि म्हणालास, "लेबल न्हाई वाटतं." वर्षभरात माझ्याशी बोललेलं ते तुझं पहिलं वाक्य.

मी चौदा तास झोपले. कणगीच्या जागी आता पत्र्याची कोठी आहे, तिच्याशेजारी वहिनींनी अंथरूण घातलं होतं. शनिवारी उठले तेव्हा तू तुझी लाइन चालून परत आला होतास आणि पाय मिठाच्या गरम पाण्यात सोडून बसला होतास. परातीत जागा होती. मी समोर बसले आणि माझे पाय सोडले. तू म्हणालास, "तू कुटं चाललीयास? बसून तर फिरतीस." मी म्हटलं, बसूनच सुजतात. तू हसला नाहीस, पण किटलीतलं पाणी माझ्या बाजूला ओतलंस.

रविवारी वंदना झाली, हौशीराम आबांनी विचारलं, चार शब्द कोण बोलणार? तू माझ्याकडे नुसती हनुवटी हलवलीस. कागद नव्हता. मी म्हटलं, माझी आई भित्री होती.

मी सांगत गेले. विजेला भ्यायची, सापाला भ्यायची, तहसील कचेरीतल्या शिपायालासुद्धा साहेब म्हणायची. मी शिकून वाया जाईन याला भ्याली आणि माझं लग्न ठरवून बसली. माझा भाऊ ते मोडून आला तेव्हा दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला कॉलेजसाठी भाकरी बांधून दिली. तेव्हाही तिचा हात थरथरत होता. मी वर्षानुवर्षं तिच्या हातात विळा दिला, कारण मला त्या थरथरणाऱ्या हाताची लाज वाटत होती. त्या हातानंच मला आवाज दिला. मग कणगीमागची गोष्ट सांगितली आणि ती जशी सांगायची तसा पाढा मोठ्यानं म्हटला. एकोणतीस एके एकोणतीस. साते दोनशे तीनला आले आणि थांबले. दादा, खरंच सांगते, ठरवून नाही. पुढचं मला येत होतं, तुझ्या कार्डावर वाचून पाठ केलं होतं. पण तिथून पुढचं नेहमी तूच म्हणायचास.

मागून, आचाऱ्याच्या बाजूनं, तुझा बारका आवाज आला. "आठे दोनशे बत्तीस."

तू पुढचं सगळं म्हटलंस. दाहे दोनशे नव्वदपर्यंत. मी खाली बसले. सहा मिनिटं झाली होती. एकही टाळी पडली नाही. भामाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "व्हय. ही आमची बया."

दिल्लीच्या दहा हजारांकडून मला यापेक्षा जास्त काय मिळालं असतं ते मी अजून शोधते आहे.

काल घोरावाडीला लोकल आली तेव्हा तू एवढंच म्हणालास, "उतरल्याव फोन लाव." मी विचारलं, लागेल का? तू म्हणालास, "लावून तर बग."

आता मी बंगळुरूला चालले आहे, सभा परवा आहे. दार लागायची वेळ झाली की काळीज घशाशी येणारच. येऊ दे. आज आभाळ स्वच्छ आहे, वीज नाही, ढग नाहीत. तरी मी पाढा म्हणणार आहे, आणि सातावर उठून पळणार नाही.

सारी